स्वमग्न मूल आणि सांघिक खेळ : एका कादंबरीच्या निमित्ताने

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडे लेख मागितला की लसीकरण, अतिसार किंवा बालकांचा आहार यांपैकी एखादा विषय हाती पडणार, असे संपादक मंडळ गृहीत धरते. आजवर मीही त्यांची निराशा केलेली नाही. यंदा मात्र मी स्वतःच्या हातून लिहिल्या गेलेल्या एका प्रमाणपत्राविषयी लिहिणार आहे. ते चार ओळींचे होते. त्यातील निदान बरोबर होते, भाषा नेमकी होती, सही-शिक्का जागच्या जागी होता. तरीही त्या कागदामुळे एका मुलाला शाळेतील चार वर्षे मैदानाच्या कडेला बसून काढावी लागली. ही चूक माझ्या ध्यानात आणून दिली ती एका कादंबरीने.

ज्या मुलाची ही हकीकत आहे, त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या अनुमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ती येथे मांडीत आहे.

एक प्रमाणपत्र

सन २००४ मधली गोष्ट. बीदर जिल्ह्यातील एका गावाहून नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे आईवडील माझ्या दवाखान्यात आले. मुलगा बुद्धीने तल्लख होता. बीदरहून उदगीर, लातूर, हुमनाबाद आणि तेव्हाच्या गुलबर्ग्याला सुटणाऱ्या बसगाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. बोलणे स्पष्ट, पण वर्तमानपत्र वाचून दाखवावे तसे एकसुरी. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर. "पोटात कावळे ओरडतात का?" असे मी सहज विचारले, तेव्हा त्याने सदरा वर करून आपल्या पोटाकडे काळजीने पाहिले. आम्ही मोठी माणसे हसलो. तो हसला नाही.

तक्रार खेळाच्या तासाची होती. शिट्टी वाजली की तो कानांवर हात घेऊन पळत सुटे. कबड्डीत एका मुलाने त्याला मागून धरले, तेव्हा तो त्याला कडकडून चावला होता. शाळेने डॉक्टरांचा कागद आणायला सांगितले होते. मी तपासणी केली, विकासाचा इतिहास विचारला आणि त्या काळच्या परिभाषेनुसार आस्पर्जर सिंड्रोमचे निदान केले. मग दोन सल्ले दिले. पहिला असा की, घरीदारी त्याच्याशी एकाच भाषेत बोलावे, अनेक भाषांचा गोंधळ नको. दुसरा सल्ला प्रमाणपत्राच्या रूपात होता : "या विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षणाच्या तासातून कायमची सूट देण्यात यावी."

वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. निघताना मुलाने मला एकच प्रश्न विचारला, "खेळाच्या तासाला मग मी कुठे बसू?" मी त्याच्या पाठीवर थाप मारण्याचा मोह आवरला आणि मोठ्या प्रेमाने म्हणालो, "कुठेही बस, बाळा."

अशा मुलाला 'कुठेही' या शब्दाइतकी अवघड जागा जगात दुसरी नाही, हे मला तेव्हा समजले नव्हते.

रेल्वेत वाचलेली कादंबरी

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने २००८ साली मला एक इंग्रजी पुस्तक दिले. मार्क हॅडन या ब्रिटिश लेखकाची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' ही कादंबरी. ती २००३ साली प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार तिला मिळाला. पुढे २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने तिचे नाटकही रंगमंचावर आणले. बंगळूरूच्या प्रवासात मी ती एका बैठकीत वाचून संपवली.

कथा सांगणारा ख्रिस्तोफर पंधरा वर्षांचा आहे. इंग्लंडमधील स्विंडन गावी तो वडिलांसोबत राहतो. शेजारणीचा कुत्रा मारला गेलेला दिसतो आणि मारेकऱ्याचा शोध घ्यायचे तो ठरवतो. त्या शोधात त्याच्या स्वतःच्या घरातले मोठे असत्य उघडे पडते आणि तो एकटा लंडनपर्यंत जाऊन पोहोचतो. पुस्तकातील प्रकरणांचे क्रमांक एक, दोन, तीन असे नसून दोन, तीन, पाच, सात असे मूळ संख्यांचे आहेत, कारण ख्रिस्तोफरला त्या आवडतात. शाळेच्या बसमधून ओळीने चार लाल गाड्या दिसल्या तर दिवस चांगला आणि पाच दिसल्या तर फारच चांगला, असा त्याचा हिशेब असतो. त्याला खोटे बोलता येत नाही. रूपके त्याला खोटी वाटतात. तेथे मला सदरा वर करून कावळे शोधणारा माझा बालरुग्ण आठवला.

परंतु मी खरा थबकलो तो एका लहानशा तपशिलापाशी. ख्रिस्तोफरला कोणी मिठी मारलेली सहन होत नाही. पोलिसाने हात लावला तेव्हा त्याने त्याला ठोसा मारला होता. तरीही त्याचे वडील हाताची बोटे पंख्यासारखी पसरून समोर धरतात, तोही तशीच बोटे पसरतो आणि दोघांच्या बोटांची टोके एकमेकांना टेकतात. वडिलांचे आपल्यावर प्रेम आहे, एवढा अर्थ त्या स्पर्शातून त्याला पोहोचतो.

पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. मी ज्या मुलाला 'स्पर्श सहन न होणारा' म्हणून मैदानाबाहेर काढले होते, त्याला कोणता स्पर्श चालतो हे मी विचारलेच नव्हते. चावा घेतला तो मागून, अचानक, न सांगता धरल्यामुळे. त्यावरून मी निष्कर्ष काढला होता की त्याला माणसेच नकोत.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. ही कादंबरी म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. आपण या विषयाचे तज्ज्ञ नाही आणि हे पुस्तक आस्पर्जर सिंड्रोमविषयीचे नाही, असे लेखकाने स्वतःच स्पष्ट केलेले आहे. गणितात असामान्य असलेले मूल म्हणजे प्रत्येक स्वमग्न मूल नव्हे. कित्येकांना बोलता येत नाही, कित्येकांना बौद्धिक मर्यादाही असतात, आणि मुलींमधील लक्षणे तर आपल्या नजरेतून सहज निसटतात. म्हणून या कादंबरीसोबत टेंपल ग्रँडिन यांचे १९८६ साली निघालेले आत्मकथनही वाचावे. त्या स्वतः स्वमग्न आहेत आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. मिठी असह्य होणाऱ्या या बाईंनी तरुणपणी स्वतःसाठी एक लाकडी यंत्र बनवले होते. त्यात शिरून, दाब स्वतःच्या हाताने कमीजास्त करीत, त्या शांत होत असत. तेथेही तेच दिसते. स्पर्शाची गरज होतीच. तो अवचित आणि दुसऱ्याच्या मर्जीने झालेला नको होता.

'स्वमग्न' या शब्दाविषयी

ऑटिझम या शब्दाच्या मुळाशी 'स्व' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आणला. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्जर यांनी आपला निबंध मांडला. मराठीतील 'स्वमग्नता' हे त्याचे भाषांतर शब्दाला धरून आहे, पण ते ऐकताच ध्यानस्थ बसलेले, बाहेरच्या जगाची इच्छाच नसलेले मूल डोळ्यांसमोर येते. शब्दाने आपल्याला चकवले आहे ते येथे.

वैद्यकशास्त्रही अनेकदा चकले. आईच्या मायेच्या अभावाने हा विकार होतो, अशी मांडणी ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या पुस्तकात केली आणि असंख्य मातांच्या माथी अपराध मारला. तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला आहे. गोवराच्या एकत्रित लसीशी या विकाराचा संबंध जोडणारा १९९८ सालचा निबंधही 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. त्याआधी १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी बाहुल्यांची सुप्रसिद्ध चाचणी केली. समोरच्या व्यक्तीच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे वीसपैकी सोळा स्वमग्न मुलांना ओळखता आले नाही. यातून त्यांना दुसऱ्याचे मन कळत नाही, असा निष्कर्ष रूढ झाला. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली. त्यांचे म्हणणे असे की, न कळणे दुहेरी आहे. त्याला आपले मन कळत नसेल, तर आपल्याला तरी त्याचे कुठे कळते? २०१३ पासून आस्पर्जर हे वेगळे निदानही अमेरिकी वर्गीकरणातून गेले आणि सर्व छटा एका वर्णपटात आल्या.

माझ्यापुरता या साऱ्याचा अर्थ एवढाच होता की, मैदानाच्या कडेला बसलेला मुलगा तेथे स्वतःत रमून बसला आहे असे मी मानले होते. ते खरे आहे का, हे पाहायला हवे होते.

पायरीवरची वही

काही महिन्यांनी धाकट्या मुलीच्या तापासाठी तीच आई दवाखान्यात आली. मी मुलाची चौकशी केली. ती म्हणाली, "साहेब, तुमचा कागद शाळेनं अजून जपून ठेवलाय. खेळाच्या तासाला हा व्हरांड्याच्या तिसऱ्या पायरीवर बसतो. चार वर्षं झाली, पायरी बदललेली नाही."

"त्याला खेळ आवडत नाही का?" मी विचारले.

"ते मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली, आणि थोडे थांबून, "तुम्हीही नाही विचारलं."

पुढच्या भेटीत तिने एक वही आणली. त्यात चार वर्षांच्या खेळाच्या तासांची नोंद होती. तारीख, दोन्ही संघांतील मुलांची नावे, कोणी कोणाला खो दिला त्याचा क्रम, कोण किती वेळात बाद झाले, कोणाचा पाय कुठे चुकला. एकही तास सुटलेला नव्हता. ज्याला खेळात रस नाही असे मी लिहून दिले होते, त्याच्याइतका तो खेळ साऱ्या शाळेत कोणी पाहिला नसेल.

मी त्याला विचारले, "तुला खेळायचे आहे का?" तो दिनदर्शिकेकडे पाहत म्हणाला, "मला सूट आहे."

त्याच दिवशी मी शाळेसाठी दुसरे पत्र लिहिले.

खो-खोची रचना

मी भालकी तालुक्यातील एका मराठी शाळेत खो-खो खेळत वाढलो. खेळाडू म्हणून सामान्यच होतो. पण पाठीवर हात पडून "खो" कानी आल्यावर अंगात जी वीज संचारते ती पन्नाशी उलटल्यावरही आठवते. आपण एकटे धावत असतो आणि तरीही ते धावणे आठ जणांचे असते. सांघिक खेळाचा आनंद मला तरी यातच सापडला. जिंकणे त्यापुढे दुय्यम वाटते. हा आनंद त्या मुलाला मिळू शकेल का, असा प्रश्न घेऊन मी त्या खेळाकडे नव्याने पाहिले.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाला प्रथम नियमबद्ध रूप दिले. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मधल्या पट्टीवर आखलेल्या चौकोनांत बसतात, एकाचे तोंड इकडे तर पुढच्याचे तिकडे. नववा धावतो. त्याने मागून स्पर्श करून "खो" म्हटल्याशिवाय बसलेल्याने उठायचे नाही. धावणाऱ्याने मधली पट्टी ओलांडायची नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घालेपर्यंत उलट फिरायचे नाही. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने आत येतात.

आता हीच रचना स्वमग्न मुलाच्या बाजूने पाहू या. पहिले, येथे प्रत्येकाला आखून दिलेली जागा आहे. दुसरे, आपली पाळी केव्हा आली याचा अंदाज बांधावा लागत नाही. ती ठरावीक शब्दाने आणि ठरावीक स्पर्शाने कळते. तिसरे, खो पाठीमागून मिळतो, त्यामुळे कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. चौथे, दिशेचे आणि पट्टीचे नियम कडक आहेत, आणि नियम कडक असणे ही आपल्याला जाचक वाटणारी गोष्ट या मुलांना दिलासा देते. पाचवे, आपल्या सीमाभागात याचे वेगळे मोल आहे : घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, वर्गात इंग्रजी, अशा मुलांच्या मैदानावर 'खो' हा शब्द सर्व भाषांत एकच असतो.

अडचणीही तितक्याच खऱ्या होत्या. अचानक पडणारी थाप, शिट्टी, आरडाओरडा आणि हुलकावणी. हुलकावणी म्हणजे शरीराने बोललेले खोटेच. डावीकडे जातो असे भासवून उजवीकडे जाणारा मुलगा त्याच्या हिशेबी लबाड होता.

मैदानावर काय केले

श्रेय द्यायचे ते शाळेच्या क्रीडाशिक्षकांना. त्यांनी पत्र वाचून मला बोलावून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "त्याला काय जमत नाही ते कळले. काय केले म्हणजे जमेल?" असा प्रश्न मला तोवर कोणत्याही शाळेने विचारला नव्हता, आणि मीही तो स्वतःला विचारला नव्हता.

पहिले दोन आठवडे तो गुणलेखक झाला. वही तीच, पण जागा पायरीवरून मैदानाच्या रेषेवर आली. त्यानंतर शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानात चार मुलांसह सराव सुरू झाला. खो देताना तळहात उजव्या खवाट्यावर घट्ट टेकवायचा, निसटता स्पर्श करायचा नाही, आणि जागा दरवेळी तीच, असे ठरले. अशा मुलांपैकी अनेकांना हलका, ओझरता स्पर्श जास्त त्रासदायक वाटतो. शिट्टीआधी शिक्षक रुमाल वर करीत. हुलकावणीसाठी त्यांनी साधा नियम दिला : डोळ्यांकडे पाहू नको, कमरेकडे पाहा, डोळे फसवतात, कंबर वळते तिकडेच माणूस जातो. हा कोणत्याही चांगल्या खेळाडूला देण्याजोगा सल्ला आहे. माझ्या रुग्णाला तो पटला, कारण कंबर खोटे बोलत नव्हती.

भाषेचा माझा सल्लाही तेथे उघडा पडला. मैदानावरची मुले कन्नड आणि दखनीत बोलत होती, आणि मी त्याला त्या भाषांपासून चार वर्षे दूर ठेवले होते. 'कूतको' म्हणजे बस, 'ओडु' म्हणजे पळ, येथून त्याची सुरुवात झाली. दोन-तीन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषाविकासाला अपाय होतो, याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. उलट एक भाषा तोडली की आजी तुटते, शेजार तुटतो आणि मैदानही तुटते. हा सल्ला मी आता देत नाही.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. इतरांच्या चुका तो खेळ थांबवून मोठ्याने सांगे, त्यामुळे मुले चिडली. चुका डाव संपल्यावर फक्त शिक्षकांनाच सांगायच्या, असा नियम करावा लागला. एकदा ठरल्या वेळेपेक्षा डाव लांबला तेव्हा तो मैदान सोडून निघून गेला. एकदा कोणी जोरात थाप मारली आणि त्याने त्या मुलाला ढकलले. त्यानंतर दोन आठवडे तो पुन्हा पायरीवर बसला. तिसऱ्या आठवड्यात ज्याला ढकलले होते तोच मुलगा पायरीशी जाऊन म्हणाला, "चल, तुझी जागा रिकामी आहे." ही गोष्ट मला शिक्षकांनी सांगितली. मुलाने ती तारखेसह वहीत लिहिली होती.

शाळेच्या संघात त्याची निवड कधीच झाली नाही. पण त्या वर्षी वर्गावर्गांच्या सामन्यात तो पाचव्या चौकोनात बसला. त्याने कोणालाही बाद केले नाही. घरी गेल्यावर त्याने आईला एकच वाक्य सांगितले, "आज मला चार वेळा खो मिळाला." ते ऐकताना मला ख्रिस्तोफरच्या चार लाल गाड्या आठवल्याशिवाय राहिल्या नाहीत.

इतर खेळ, इतर मुले

एका मुलाच्या अनुभवावरून सर्वांसाठी खो-खोचे औषध लिहून देणे म्हणजे जुनीच चूक उलट दिशेने करणे होय. मूल आणि खेळ यांची सांगड घालताना चार गोष्टी पाहाव्यात : अंगाला अंग किती लागते, आवाज किती, पुढे काय होणार याचा अंदाज किती बांधावा लागतो, आणि वाट पाहण्याला काही ठरलेले रूप आहे की नाही.

या कसोटीवर कबड्डी अवघड ठरते, कारण पकड हाच तिचा प्राण आहे. व्हॉलीबॉलमध्ये मध्ये जाळे असते आणि जागा ठरावीक क्रमाने बदलतात, म्हणून तो अनेकांना मानवतो. फुटबॉलमध्ये क्षणोक्षणी इतरांचे इरादे ओळखावे लागतात. क्रिकेटमध्ये जागा ठरलेली असते, पण रिकामा वेळ फार असतो. अशा वेळी गुणलेखन हे मानाचे काम समजून द्यावे. चारशे मीटर रिलेत स्वतःची मार्गिका असते आणि बॅटन घेण्याचा क्षण ठरलेला असतो. शिवाय स्वमग्न मुलांपैकी अनेकांना हालचालींचा मेळ साधणे मुळातच जड जाते. चेंडू झेलता न येणे म्हणजे खेळाची नावड नव्हे.

काहींना एकट्याचे खेळच रुचतात आणि त्यात उणे काही नाही. मुंबईत वाढलेल्या जिया राय या स्वमग्न मुलीने मार्च २०२२ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, श्रीलंकेतील तलाईमन्नारपासून धनुष्कोडीपर्यंतची पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत पोहून पार केली. दुसरीकडे अमेरिकेतील जेसन मॅकएल्वेन हा स्वमग्न विद्यार्थी शाळेच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापन पाहत असे. फेब्रुवारी २००६ मधील एका सामन्यात शेवटच्या चार मिनिटांसाठी त्याला खेळवले आणि त्याने वीस गुण मिळवले. अशा कथा उमेद देतात, २०२५ मधील 'सितारे जमीन पर' या चित्रपटानेही दिली. पण पालकांनी आपल्या मुलाकडून त्या वीस गुणांची वाट पाहू नये. मॅकएल्वेनच्या गोष्टीत मला अधिक मोलाचे वाटते ते त्या चार मिनिटांआधीचे : तो रोज संघासोबत होता आणि त्याला तेथे काम होते.

डॉक्टर बंधु-भगिनींसाठी

आपल्या व्यवसायबंधूंसाठी काही सूचना.

१. सरसकट सूट देणारे प्रमाणपत्र लिहू नये. कोणते बदल केल्यास मूल सहभागी होऊ शकेल ते लिहावे : शिट्टीची पूर्वसूचना, ठरलेली जागा, ठरलेला स्पर्श, थकल्यावर बसण्याचा एक निश्चित कोपरा. सूट अपरिहार्य असेल तर तिला मुदत घालावी.

२. खेळापूर्वी फिट येण्याचा इतिहास विचारावा, कारण या मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाण अधिक असते. दृष्टी आणि श्रवण तपासावे. रिस्पेरिडोनसारखी औषधे चालू असल्यास वजनवाढ आणि उष्णतेचा त्रास यांकडे लक्ष ठेवावे.

३. काही मुले तहान आणि वेदना सांगत नाहीत. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा मुलाला तहान लागेल तेव्हा नव्हे, तर घड्याळ पाहून पाणी द्यावे. धडपडल्यावर ते रडले नाही म्हणून लागले नाही असे समजू नये.

४. व्यायामाने स्वमग्नता बरी होते असे आश्वासन देऊ नये. हालचालींचे कौशल्य आणि संवाद यांत सुधारणा दिसल्याचे अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेच लहान गटांवरचे आहेत. खेळ हा उपचार म्हणून द्यायचा नसून बालपणाचा भाग म्हणून द्यायचा आहे.

५. कायदा ठाऊक असावा. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यातील एकवीस प्रकारांत ती आहे. त्याच्या सोळाव्या कलमानुसार शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच क्रीडा व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. म्हणजे मैदान ही आता कोणाच्या मेहेरबानीची बाब राहिलेली नाही.

६. आणि सर्वांत आधी, मुलाला विचारावे. बोलता येत नसेल तर ते कुठे पाहत आहे, ते पाहावे.

शेवटी

तो मुलगा आज तिशीत आहे. कलबुर्गीच्या बाजारात तुरीच्या एका अडतीवर हिशेब लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजेते ठरले, तेव्हा त्याने दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून सामने पाहिले आणि वहीत टिपून ठेवले, असे त्याच्या आईने मला कौतुकाने सांगितले.

माझे जुने प्रमाणपत्र शाळेकडून परत मागून घेऊन मी दवाखान्याच्या खणात ठेवले आहे. नव्या मुलासाठी कागद लिहायला घेतला की ते एकदा काढून पाहतो. नऊ वर्षांच्या मुलाने मला तेव्हा विचारले होते, मी कुठे बसू? त्याला उत्तर देण्याइतकी माझी तयारी नव्हती. एका क्रीडाशिक्षकाने ते चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखून दिले.